थोरलीचा टाक

"अम्मा, ये भी उतारना पड़ेगा," मशीनवरची पोरगी म्हणाली आणि आईनं गळ्यातल्या काळ्या दोऱ्यावर मूठ आवळली.

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या या तपासणी केंद्रात आम्ही दुसऱ्यांदा आलो होतो. मागच्या खेपेला याच बाकावरून, याच मुठीसकट घरी परतलो. डॉक्टरांना आईच्या डोक्याचा आतला फोटो हवा आहे, आणि तो काढणाऱ्या मशीनला अंगावर धातूचा कणही चालत नाही. बांगड्या आईनं काढून दिल्या. कानातली फुलं दिली, केसांतल्या पिना दिल्या. दोऱ्याशी येऊन गाडं अडलं.

"लॉकर में रख देते हैं न. चाबी दीदी के पास रहेगी," ती पोरगी समजुतीनं म्हणाली.

आई माझ्याकडे वळली. "लॉकरमध्ये? तिले काय कोंडून ठेवू?"

"मग माझ्या हातात दे."

"हात टेकते कुठं कुठं. तिले खाली टेकवत नाही."

"बरं, मग मी गळ्यात घालते."

यावर आईनं मान फिरवली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या गळ्यात नको."

पोरगी भली होती. "कोई बात नहीं अम्मा, आराम से सोच लो. तब तक मैं दूसरे पेशेंट को ले लेती हूँ," असं म्हणून तिनं दार लोटून घेतलं. तर आम्ही दोघी बसलो आहोत. आईच्या मुठीत टाक आहे, आणि तो माझ्या गळ्यात का नको, हे मला पक्कं ठाऊक आहे.

टाक म्हणजे चांदीचा नाण्याएवढा पत्रा, त्यावर बाईची उठावाची आकृती. घरातली पहिली बायको गेली आणि दुसरेपणावर नवी आली, की लग्नातच तो नवीच्या गळ्यात घालतात. पहिली गेली तरी घरातून गेलेली नाही, असं धरून चालायचं. तिला गळ्यात वागवायचं. मान आधी तिचा, मग आपला. माझे बाबा बिजवर होते. आई त्यांची दुसरी, आणि टाकातली ती पहिली. आमच्या घरात तिला थोरली म्हणत. तिचा एक फोटोसुद्धा नाही.

आईला मरणाची भीती नाही. भीती आहे ती त्यानंतरच्या गाठीभेटीची. "वर गेली की थोरली भेटनच. तिले काय तोंड दाखवू?" हे ती हल्ली चहा पितानाही म्हणते. आयुष्यभर आईनं प्रत्येक नवी गोष्ट आधी थोरलीला दिली आणि मग स्वतः घेतली. एकच गोष्ट दिली नाही. ती गोष्ट म्हणजे मी.

मी जन्मले तो क्वार्टर बाबांच्या फॅक्टरीच्या इस्टेटीत होता. दोन खोल्या, कवेलूचं छप्पर, मागे अंगण. अंगण संपलं की घाणेरीचं रान आणि त्यात हत्ती बसल्यासारखे काळे कातळ. सकाळी फॅक्टरीचा भोंगा वाजला की लायनीतल्या दारादारातून सायकली निघत. त्या गेल्या की मागे शांतता उरे, आणि त्या शांततेला ओल्या राखेचा, फोडणीचा आणि उन्हानं तापत चाललेल्या घाणेरीचा वास असे. आजही कुठे घाणेरीचं पान चुरगळलं की मला भूक लागते.

आई इथं आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं. वर्ध्याकडच्या खेड्यातली पोर ती. जबलपूर म्हणजे तिच्या लेखी दुसरा मुलूखच. बाबा बोलण्यात कंजूष. शेजारच्या बायका प्रेमानं चौकशी करत, आणि आई त्यांना सगळ्याचं उत्तर म्हणून हसून दाखवी. मराठी समजणारं माणूस दिवसभरात एकच, आणि तेही गळ्यात लटकलेलं. तेव्हा आई तिच्याशीच बोलायला लागली. "मीठ कुठं ठेवत होती वो बाई तू?" "यायले वरण घट्ट आवडते का पातळ?" उत्तर यायचं नाही, पण विचारलं की मन हलकं व्हायचं, असं आई सांगते. सवतीशी इतकं गोड बोलणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. पण जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे.

मग मुंगूस आलं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती मीच पाहिली असं मला वाटतं.

उन्हाळा तोंडावर आला होता, वर्षाचं तिखट करायचं होतं, आणि घरात पाटा-वरवंटा नव्हता. आईनं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पाहू." बाबांचं 'पाहू' किती लांबचं असतं हे पुढे मलाही कळलं. एका सकाळी आई अंगणात राखेनं भांडी घासत बसली होती, आणि घाणेरीतून मुंगूस बाहेर पडलं. भुरकट, लांबट, शेपूट झाडूसारखं फुललेलं. मुंगूस दिसलं की आपल्याकडे त्याला रामाची शपथ घालतात, तोंड दाखव म्हणून, आणि म्हणे ते दाखवतं. आईनं लहानपणच्या सवयीनं शपथ घातली.

"अन् बाप्पा, वळलं न ते!" हे सांगताना आईचे डोळे आजही मोठे होतात. "सरळ माझ्याकडं पायलं. माणसासारखं. चार पावलं गेलं, थांबलं, पुन्हा पायलं. म्हटलं, हे तं बलावून राहिलं मले."

राखेचे हात तसेच घेऊन आई त्याच्या मागे गेली. घाणेरीचे काटे साडीला ओढत होते. एका कातळामागे मुंगूस दिसेनासं झालं, आणि तिथं, पाल्यापाचोळ्याखाली, पालथा घातलेला पाटा होता. त्याच्याखाली मुंगसाचं बीळ. शेजारी वरवंटा. पाट्यावरचे टाकीचे घाव अजून खरखरीत होते. म्हणजे टाकवून घेतल्यावर फारसा वापरलाच गेला नसावा. थोरलीचाच तो; ती गेल्यावर बाबांनीच तिथं नेऊन टाकला असणार. आईनं त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही.

पाटा उचलायच्या आधी तिनं रानातून एक चपटा दगड शोधून आणला आणि बिळावर ठेवला. "तिचं छप्पर घेतलं, तं दुसरं द्याले पाह्यजे न." मग पाटा अंगणात आणून धुतला, त्याला आधी टाक लावला आणि मग पहिली मिरची वाटली. संध्याकाळी बाबा आले. पाटा पाहिला, हातपाय धुतले. जेवताना मात्र त्यांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

त्या दिवसापासून मुंगूस म्हणजे थोरली. भांडी घासायच्या वेळेला ते यायचं, आणि आई त्याच्यासाठी दुधात कुस्करलेली पोळी करवंटीत ठेवायची. थोडं लांब बसून ते आईकडे पाहायचं. आई त्याला घरातलं सगळं सांगायची: बाबांचा खोकला, माहेरची खबर, भाव, पाऊस. माझ्याआधीची बाळं हाती लागली नाहीत, तेही तिनं त्यालाच सांगितलं. लायनीतल्या बायका तेव्हा काय बोलल्या असतील ते वेगळं सांगायला नको. थोरलीनं नेली, म्हणाल्या. आईनं ते कधी मानलं नाही. "मले पाटा दाखवणारी बाई माझं लेकरू नेईन काय?" ती म्हणायची.

पण मग मी झाले, आणि मी टिकले.

बारशाला बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, गावाहून आली. रीतभात सगळी तिच्या पदराच्या गाठीला. तिनं सांगितलं, नवी साडी जशी आधी टाकाला लावतात, तसं पोरीलाही आधी थोरलीच्या ओटीत घालायचं. म्हणजे टाक बाळाच्या गळ्यात घालायचा, 'घे बाई, ही तुझी' म्हणायचं, आणि मग बाळ उचलून आपण घ्यायचं. क्षणभराचं काम. पाळणा सजलेला, घुगऱ्या वाफाळत होत्या, बायका जमलेल्या.

आईनं दोऱ्याला हात घातला आणि तिचा हात थांबला.

"साडी दिली, घर दिलं, नवरा तं तिचाच होता," ती म्हणाली. "पोरगी माझी आहे."

"अगं, मान आहे तिचा!" आत्या म्हणाली.

आई मला छातीशी धरून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. बारसं झालं, पण टाक माझ्या गळ्यात पडला नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना करवंटी भरलेली होती, आणि मुंगूस आलं नाही. त्यानंतर ते कधीच आलं नाही. करवंटीतलं दूध मांजरानं प्यायलं.

"रुसली," आई म्हणायची. एवढंच.

माझं लहानपण या रुसलेल्या बाईच्या शेजारी गेलं. मी तिला मोठी आई म्हणायची. आधी पोटोबा मग विठोबा, हे बाकीच्यांचं. आमच्याकडे आधी थोरली, मग विठोबा, आणि पोटोबाला सगळ्यात शेवटी बोलावणं. पहिला आंबा कापायच्या आधी टाकाला लागायचा, आणि मी लाळ गिळत उभी. दिवाळीची पहिली करंजी, नव्या साडीची घडी, माझ्या शाळेच्या बुटांची जोडीसुद्धा. कुकर आला तेव्हा आईनं टाक त्याच्या झाकणाला टेकवला, स्कूटर आली तेव्हा हँडलला. टीव्ही आला, आई टाक घेऊन काचेशी वाकली, आणि मला वाटलं आता मोठी आई आत शिरेल आणि हिंदीतून बातम्या देईल. काही हरवलं की मी तिलाच शोधायला सांगायची. खोडरबर, कंगवा, एकदा तर वरचा दात पडून कुठे गेला तो. सापडलं की तिनं दिलं, आणि नाही सापडलं की ती रुसली आहे.

भाद्रपदात, पितृपक्षातली नवमी तिची. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायांचा तो दिवस, अविधवा नवमी. त्या दिवशी तिच्या जागी एक सवाष्ण जेवू घालायची. लायनीत पुढे राहायला आलेली एखादी मराठी सवाष्ण मोकळी नसली की शेजारची भाभी यायची. घरात पुरणाचा, जायफळाचा आणि तुपाचा वास. भाभी पाटावर बसायची, आई तिच्या पायांवर पाणी घालायची, हिरव्या बांगड्या भरायची. भाभी पुरणपोळी मोडता मोडता म्हणायची, "बहू, तुम्हारी बड़ी बहुत भागवान है. हमें तो जीते-जी कोई इतना नहीं पूछता." मग दोघी एकदमच हसायच्या आणि एकदमच डोळे पुसायच्या. मी मागच्या दारात बसून घाणेरीकडे पाहत असे. वाटायचं, आजच्या दिवशी तरी येईल.

मी त्या रानात किती फिरले असेन! फ्रॉकला काटे, पायाला मुंग्या, हातात करवंटी. मला तिचा पाटा नको होता, काही नको होतं. मला तिनं फक्त माझ्याकडे पाहायला हवं होतं. एकदा शाळेत जाताना फॅक्टरीच्या भिंतीलगत एक मुंगूस खरंच दिसलं. मी भर रस्त्यात ओरडून रामाची शपथ घातली. बरोबरच्या हिंदी मैत्रिणी खो खो हसल्या. मुंगूस पाठमोरंच गेलं, भिंतीखालच्या नाल्यात.

घरी येऊन आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"तुझ्याकडं पायलं त्यानं?"

"नाही. वळलंच नाही."

"हं," आई म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. त्या दिवशीच्या पोळ्या चामट झाल्या. मला फार वाईट वाटलं. आईचं आणि तिचं काय असेल ते असो, पण मी तिचं काय केलं होतं?

मी कॉलेजात असताना टाकाची कडी झिजून तुटायला आली. कमानिया गेटजवळच्या सराफ्यात एक म्हातारा सोनार होता, हात चांगला म्हणून नावाजलेला. गर्दीतून वाट काढत आम्ही पोचलो. आई टाक तिथं सोडून जायला तयार होईना, तेव्हा तो म्हणाला, "माताजी, आप यहीं बैठो, अभी भीतर से बनाकर लाता हूँ." आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. समोरच्या हलवायाकडे खव्याची जिलबी तळली जात होती. पाकाचा वास, सायकल-रिक्षांच्या घंट्या, आणि आई रिकाम्या गळ्याला हात लावून बसलेली. कडी बसवायला एवढा वेळ का लागतो, ते कळेना.

सोनार बाहेर आला तो आनंदानं फुललेला. आधी टाक त्यानं स्वतःच्या कपाळाला लावला, मग आईच्या हातावर ठेवला. "मूरत तो बिलकुल घिस गई थी माताजी. मैंने मैया को फिर से उकेर दिया. देखो, मगर भी बनाई है. इसका कुछ नहीं लूँगा, मैया का काम है."

आम्ही पाहिलं. टाक लखलखत होता. त्यावर मुकुट घातलेली नर्मदामाई मगरीवर बसली होती. बिचाऱ्याची काय चूक? नर्मदेच्या गावात चांदीवर कोरलेली बाई दुसरी कोण असणार? आमच्या वर्ध्याकडच्या सवतींचे टाक त्याला काय माहीत! आईला त्याला रागवता येईना आणि थँक्यूही म्हणता येईना. घरी येईपर्यंत ती रिक्षात रडत होती. "तिचं तोंडच पुसलं वो. एवढं एकच होतं तिचं."

बाबा घरीच होते. आईनं टाक त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. बाबा हसत होते.

"लय भ्यायची ती पाण्याले," ते म्हणाले. "ग्वारीघाटावर नेली होती, तं वरच्या पायरीवरच बसून राहिली. पायाचं बोट बी भिजवलं नाही. अन् आता पाह्य तिचा थाट. मगरीवर बसली!"

थोरलीबद्दल बाबा माझ्यासमोर बोलले ते इतकंच, आयुष्यात एकदा. आई डोळे पुसून त्यांच्याकडे पाहत होती. तिनं हळूच विचारलं, "दिसाले कशी होती हो?"

बाबांनी टाक तिच्या हातात परत दिला. "आता नाही आठवत. इतके वर्ष तुझ्याच गळ्यात पाहून राहिलो न मी तिले."

यापेक्षा गोड काही बाबा आईला बोलल्याचं मला आठवत नाही. आईनं दोरा ओवला आणि टाक पुन्हा गळ्यात घातला. "चलो, मगर तं मगर," ती म्हणाली, आणि पोहे करायला उठली.

बाबा गेले तेव्हा मंगळसूत्र उतरलं, जोडवी उतरली. टाक राहिला. नवऱ्याचं नातं सुटलं, सवतीचं नाही सुटलं. गुरुजींनी सांगितलं की आता नवमी करायची नाही; नवरा असेपर्यंतच तिचा तो दिवस. आई त्यांच्यासमोर बरं म्हणाली आणि भाद्रपद आल्यावर पुरण शिजायला घातलं. "ते गेले म्हणून तिनं उपाशी राहावं काय?" क्वार्टर सोडून आम्ही विजय नगरला आलो. इथं घाणेरी नाही, लिफ्ट आहे. पाटा गॅलरीत आहे आणि त्याच्यावर मनी प्लांटची कुंडी आहे. पण अजूनही आई कधीकधी गॅलरीतून खालच्या मोकळ्या प्लॉटकडे पाहत बसते. काय पाहते विचारलं तर म्हणते, "काही नाही."

आणि आता ही बाकावर बसली आहे, मूठ मिटून. डॉक्टरांनी आज तपासणी झालीच पाहिजे म्हणून बजावलं आहे. मला काळजी आहे, रागही येतो आहे, आणि त्या रागाचीच लाज वाटते आहे.

दार उघडलं. "अम्मा, अब चलें? नहीं तो आज भी रहने देते हैं, डॉक्टर साहब को बता देंगे."

"एक मिनिट, बेटा," मी म्हणाले आणि आईकडे वळले. "आई, मला चालेल गं."

"तुले चालन. मले चालते का, ते पाहून राहिली मी."

"काय होईल? नेईल ती मला? पन्नाशी उलटली माझी. आता नेऊन काय करेल, माझ्या गुडघ्यांना तेल लावत बसेल?"

आईला हसू आलं. नको असताना आलं. "लावन," ती म्हणाली. "ती लावन. चांगली होती वो ती. मीच..." आणि थांबली.

मग तिनं दोन्ही हातांनी दोरा डोक्यावरून काढला. केसात अडकला, सोडवला. तिचा गळा मी असा मोकळा त्या सराफ्यातल्या पायरीनंतर आजच पाहिला. दोऱ्यानं मानेवर काळसर वण पडला होता. ती उभी राहिली. तिचा हात पोचेना म्हणून मी वाकले. खोबरेल तेलाचा, घामाचा, आईचा वास आला, आणि चांदी माझ्या छातीला लागली. आईनं माझ्या दोन्ही गालांवर हात ठेवले, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

"घे वो बाई. ही तुझी," ती टाकाला म्हणाली. "लय उशीर केला मी. पण धडधाकट आणली आहे."

आणि त्या पोरीचा हात धरून आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

भिंतीपलीकडे मशीन ठोकायला लागलं. मी रडले. बाकावर आणखी दोन-तीन माणसं होती, त्यांनी पाहिलं तर पाहिलं. इतकी वर्षं मी जिच्या मागे काट्याकुट्यातून हिंडले, ती माझ्या श्वासाबरोबर वर-खाली होत होती. मी टाक उचलून पाहिला. सोनारानं केलेला मुकुटही आता झिजत आला आहे, मगर नुसती रेघ उरली आहे. चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत चांदी, आणि तिच्यात खिडकीचा उजेड.

आई बाहेर आली ती थकलेली, पण चेहरा झोपून उठल्यासारखा. "डर तो नहीं लगा अम्मा?" पोरीनं विचारलं. "नहीं रे. बहुत आवाज करता है तुम्हारा मशीन," आई म्हणाली. मी दोऱ्याला हात घातला तशी तिनं माझा हात धरला.

"राहू दे आता. लेकरू दिलं, अन् लगेच मागून घेऊ काय?"

खाली येऊन ऑटो केला. आई आधी चढली, सरकून मला जागा दिली. सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं बोटानं टाक सरळ केला, दोऱ्याची गाठ मागे सारली.

"जड लागते काय गं?"

"नाही. हलका आहे की."

"हो न?" आई म्हणाली. "मले लय जड लागे."